पांघरूण कशावर घालावे?

जलप्रलय ओसरल्यानंतरची नोहाची एक लहानशी कथा तोराच्या पहिल्या ग्रंथात आहे. सिमहात तोरानंतर लवकरच तो पाराशा येतो. आपण तो दरवर्षी ऐकतो आणि ह्या कथेपाशी आल्यावर जरा संकोचाने पुढे सरकतो. नोहाने द्राक्षमळा लावला, द्राक्षारस प्याला, त्याची शुद्ध गेली आणि तो आपल्या तंबूत उघडा पडला. हामने ते पाहिले आणि बाहेर येऊन भावांना सांगितले. शेम आणि याफेथ ह्यांनी वस्त्र घेतले, पाठमोरे चालत तंबूत गेले आणि बापाकडे न पाहता त्याचे अंग झाकले.

हामने केले ते वाईट आणि धाकट्या-थोरल्या भावांनी केले ते चांगले, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे, व ते योग्यच आहे. घरातल्या माणसाची लाज राखावी, ही शिकवण आपल्या हाडीमासी खिळली आहे. मराठीत तर त्यासाठी शब्दही तोच आहे: पांघरूण घालणे. परंतु ह्या शब्दाचे मराठीत दोन अर्थ होतात, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसावर पांघरूण घालतात ते एक, आणि एखादी गोष्ट उघडकीस येऊ नये म्हणून तिच्यावर पांघरूण घालतात ते दुसरे. पहिले माया करते. दुसरे पुष्कळदा जीव घेते. दोहोंत फरक कसा करावा, ह्या प्रश्नाचा विचार आम्हांस एका घरगुती प्रसंगाने करावयास लावला.

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहत. सगळी वस्ती त्यांना मामा म्हणे. मुंबईहून तरुणपणी आलेले, हाताचे कुशल, गळा गोड. मलिद्याला त्यांच्यावाचून एलियाहू हान्नबीचे गाणे रंगत नसे. ते पीत, हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणी बोलत नसे. प्रथम शब्बाथच्या रात्री, मग रोज रात्री, मग पहाटे हात थरथरू नयेत म्हणून. तल्मूदाच्या सुक्का भागात रावा ह्या आचार्यांनी मनातल्या वाईट ओढीबद्दल सांगितले आहे, की ती आधी वाटसरूसारखी दारावरून जाते, नंतर पाहुणी म्हणून येते आणि अखेरीस घराची मालकीण होते. मामांच्या घरी हेच घडत होते. सकाळी मामी आमचे दार ठोठावीत आणि हळूच म्हणत, "भाऊ, कारखान्यात तेवढा फोन करा, तुमचे हिब्रू चांगले आहे." आम्ही फोन करीत असू. मामांना ताप आहे, मामांची पाठ धरली आहे, असे सांगत असू. किती वेळा सांगितले त्याचा हिशेब नाही. आपण शेजारधर्म पाळतो, शेम आणि याफेथच्या वाटेने चालतो, असेच आम्हांस वाटे.

मग एका वर्षी किप्पुरच्या आधी मामांनी तोरावर हात ठेवून शपथ घेतली, की ह्यापुढे थेंबही घेणार नाही. घरात आनंद झाला. आपले वाडवडील कोकणात किप्पुरला दारफाळणीचा सण म्हणत. दारे लावून, पांढरे कपडे घालून, तो दिवस उपवासात काढीत. मामाही पांढऱ्या कपड्यांत सिनेगॉगमध्ये आले. चेहरा घामाने डबडबलेला, हातातला सिद्दूर हलत होता. आम्ही मनात म्हटले, माणूस मनाशी झगडतो आहे, परमेश्वर बळ देईल. नेईलाच्या थोडे आधी ते उभ्याउभ्या कोसळले, अंग ताठ झाले आणि झटके येऊ लागले. किप्पुरच्या निर्मनुष्य रस्त्यावरून मागेन दाविदची गाडी आली. तिसऱ्या दिवशी इस्पितळात त्यांना भिंतीवरून मुंग्या चालताना दिसत होत्या आणि ते मामींना आपल्या आईच्या नावाने हाका मारीत होते. सणाचा दुसरा दिवस, आपला शिळा सण, मामींनी इस्पितळाच्या बाकावर काढला.

तेथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हांस विचारले, "हे रोज किती पितात, हे तुम्हांला ठाऊक होते का?" आम्ही हो म्हटले. "मग इतक्या वर्षांत कोणाही डॉक्टरला का सांगितले नाही?" ह्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

त्या बाईंनी जे समजावले व पुढे आम्ही जे वाचून जाणले, ते प्रत्येक घराला माहीत असावे म्हणून येथे देतो. दारू मेंदूला मंद करते. ती रोज व भरपूर मिळू लागली, की मेंदू तोल राखण्यासाठी आपला वेग वाढवून ठेवतो. गाडीचा ब्रेक सतत दाबलेला असावा आणि चालकाने म्हणून इंजिन जोरात ठेवावे, तसे. अशा स्थितीत दारू एकाएकी तोडली तर ब्रेक सुटतो आणि इंजिन मात्र भरधाव राहते. शेवटच्या पेल्यानंतर साधारण 6 ते 48 तासांत झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. उपचार न झाल्यास माणूस दगावतोही. म्हणून रोज पुष्कळ पिणाऱ्याने डॉक्टरच्या देखरेखीवाचून एकदम सोडू नये. झोपेच्या व चिंतेच्या कित्येक गोळ्यांची गोष्टही अशीच आहे. ही ओळ लिहिताना आम्हांस आपल्या समाजातल्या त्या बायका आठवतात, ज्या कधी दारूला शिवल्या नाहीत, पण वर्षानुवर्षे गोळीवाचून डोळा लागत नाही आणि आता एकीने भागत नाही. 2023 च्या 7 ऑक्टोबरनंतर ह्या देशात कितीतरी घरांत झोप उडाली आणि गोळ्या व दारू दोन्हींचा आधार घेणारे वाढले. तेव्हा हा प्रश्न कोपऱ्यावरच्या दारुड्यापुरता समजू नये.

वैद्यकशास्त्रातही ह्या दुखण्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात गैरवापर आणि अवलंबन असे जुने दोन कप्पे मोडून व्यसनविकार असे एकच नाव घेतले आणि त्याची 11 लक्षणे दिली. ठरवले त्याहून जास्त घेणे, सोडावेसे वाटूनही न सुटणे, अनावर ओढ लागणे, कामात व घरात कर्तव्य चुकणे, शरीराची हानी दिसत असूनही चालू ठेवणे, पूर्वीइतक्याने भागेनासे होणे, तोडल्यावर शरीराने बंड करणे, ही त्यांतली काही. वर्षभरात दोन लक्षणे दिसली तरी विकार सौम्य स्वरूपात आहे असे समजतात. सहा किंवा अधिक असली तर तो तीव्र. म्हणजे एका बाजूला सज्जन आणि दुसऱ्या बाजूला दारुडे अशी भिंत नाही. एक उतार आहे, आणि त्यावर आपल्यातले कितीतरी जण न कळत उभे आहेत. उताराच्या वरच्या टोकाला असतानाच हात धरला तर काम पुष्कळ सोपे असते.

येथे कोणी म्हणेल, ह्याला दुखणे म्हणणे ही सोयीची पळवाट आहे. मधुमेहाचा रोगी बायकोच्या बांगड्या विकत नाही. पहिला पेला कोणी नरड्यात ओतला नव्हता. हे म्हणणे टाकाऊ नाही. ज्या घरच्या मुलांनी बापाची वाट पाहत उपाशी रात्री काढल्या, त्यांच्या तोंडून ते आल्यास ते ऐकूनच घेतले पाहिजे. पण नीट पाहू. पहिला पेला पुष्कळांनी घेतला. त्यांतले थोडेच अडकले. कोण अडकतो ह्यात रक्ताचा मोठा वाटा आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून जोखमीचा सुमारे अर्धा भाग आनुवंशिक असतो असे मानतात. उरलेल्यात बालपणीचे घाव, संगत, दुःख, मालाची सुलभता हे सारे येते. म्हणजे ज्याने पेला घेतला आणि तो सुटला, त्याने आपल्या सद्गुणाचा फार गर्व करू नये.

उलट दुसरे टोकही खरे नाही, की रोग आहे म्हणून माणसाच्या हातात काहीच नाही. व्हिएतनामच्या युद्धात अनेक अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. 1971 मध्ये मायदेशी परतलेल्यांचा ली रॉबिन्स ह्या संशोधिकेने पाठपुरावा केला. तेथे व्यसनाधीन झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडलेले सुमारे 5 टक्केच निघाले. रणांगण सुटले, माल सुटला, जुनी संगत सुटली, घरची माणसे भेटली, आणि बहुतेकांची इच्छाशक्ती पुन्हा उभी राहिली. ह्यावरून आम्हांस असे वाटते, की व्यसनात इच्छा मरत नाही. ती एकटी पडते. तिला जागा, माणसे आणि उपाय मिळाले तर ती चालू लागते. मामांनी शपथ घेतली तेव्हा ती खोटी नव्हती. ती नुसती होती. तिच्यासोबत ना औषध होते, ना माणूस.

आपल्या रामबामनी, जे स्वतः वैद्यही होते, मिश्ने तोरामध्ये दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत. तशुवाच्या नियमांत ते सांगतात, की प्रत्येक माणसाला चांगल्या-वाईटाची निवड दिलेली आहे. आणि स्वभावाच्या नियमांत सांगतात, की शरीराने आजारी असलेल्याला जसे कडू गोड लागते, तसे मनाने आजारी असलेल्याला वाईट प्रिय होते. अशाने मनाच्या वैद्यांकडे, म्हणजे ज्ञानी लोकांकडे, जावे. पुष्कळांना ह्या दोहोंत विरोध दिसतो. आम्हांस दिसत नाही. आजारी होणे ही निवड नसते. वैद्याकडे जाणे ही निवड असते. दुखण्याबद्दल दोष देऊ नये, उपचाराची जबाबदारी मात्र काढून घेऊ नये. दोष मागे पाहतो, जबाबदारी पुढे पाहते. विकलेल्या बांगड्यांचे ऋण मामांवर आहेच, आणि ते फेडण्याची संधी देणे हाच त्यांचा मान आहे. त्यांना नुसते पापी म्हटले तर ते उठत नाहीत. नुसते बिचारे म्हटले तरी उठत नाहीत.

पण जबाबदारी एकट्या मामांची नाही, आणि येथे आम्हांस स्वतःकडे पाहावे लागते. आपण लपवतो का? त्याला इतिहास आहे. आपले पुष्कळ लोक 1950 व 1960 च्या दशकांत मुंबई सोडून आले, ते दारूबंदीच्या मुंबईतून आले. 1949 च्या कायद्याने तेथे पिणे हा गुन्हा ठरवला होता. पिणारा परवाना काढी, नाहीतर चोरून पी. चोरून पिण्याची आणि चोरून ठेवण्याची ती सवय आपण सामानाबरोबर येथे आणली. भर म्हणून यहुदी माणूस दारुडा नसतोच, हा समज होता. रब्बी डॉ. अब्राहम ट्वर्स्की ह्यांनी 1972 मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गजवळ व्यसनमुक्तीचे केंद्र काढले. हसिदी घराण्यातले रब्बी आणि मानसोपचारतज्ज्ञ असे दोन्ही असलेले हे गृहस्थ 2021 मध्ये येरुशालायिम येथे वारले. ज्या समाजाला हे दुखणे आपले वाटतच नाही, त्यात रोग्याला सांगायला जागाच उरत नाही, हे त्यांनी आयुष्यभर समजावले.

आता नोहाच्या तंबूकडे पुन्हा जाऊ. हामने बाहेर जाऊन सांगितले, ती चहाडी. भावांनी अंग झाकले, ती माया. परंतु नोहा शुद्धीवर आल्यावर त्याच्याजवळ बसून, बाबा, का प्यालात, असे कोणी विचारले, असे तोरा सांगत नाही. सारे जग बुडताना ज्याने आपल्या नावेतून पाहिले, त्या म्हाताऱ्याला रात्री काय दिसत असेल, हे कोणी विचारले नाही. विचारले असते तर काय झाले असते, कोण जाणे. आम्हांस मात्र एवढे कळते, की शेम आणि याफेथने बापाचे अंग झाकले होते. त्यांनी द्राक्षारसाचा बुधला झाकला नव्हता. आमचा कारखान्यातला फोन बुधला झाकत होता.

म्हणून माणसाची लाज झाकावी, दुखणे झाकू नये. रोजच्या व्यवहारात ह्याचा अर्थ असा. त्याची गोष्ट चौकात बोलू नये, पण डॉक्टरला खरी सांगावी. त्याच्यासाठी खोटे बोलू नये. त्याचे उधार फेडू नये. मुलांच्या पोटाला मात्र कमी पडू देऊ नये. तो प्यालेला असताना उपदेश करू नये. सकाळी शुद्धीवर असताना, न ओरडता, जे घडले तेवढेच सांगावे आणि डॉक्टरकडे सोबत चालण्यास तयार असावे. मारहाण होत असेल तर बायकामुलांनी आधी सुरक्षित जागी जावे. ती सहन करणे म्हणजे पतीची लाज राखणे नव्हे.

उपचाराची सुरुवात आपल्या कुपत होलीमच्या नेहमीच्या डॉक्टरपासून करता येते. पहिली पायरी शरीरातून अंमल सुखरूप उतरवण्याची. तेवढ्याने बरे झालो असे समजणे ही मोठी चूक. खरे काम पुढे असते. ओढ कमी करणारी औषधे आहेत: दारूसाठी नाल्ट्रेक्सोन व अकॅम्प्रोसेट, हेरॉइनसारख्या व्यसनासाठी मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन. एक व्यसन काढून दुसरे लावता, असा ह्या दोहोंवर आक्षेप घेतात. परंतु ज्या औषधाने माणूस कामावर जातो, घरी जेवतो आणि जिवंत राहतो, त्याला व्यसन म्हणणे हा शब्दांचा खेळ आहे. औषधासोबत समुपदेशन लागते आणि माणसे लागतात. 1935 मध्ये अमेरिकेत ॲक्रन गावी दोन मद्यपींनी एकमेकांना सावरत जो अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा पायंडा पाडला, त्याच्या बैठका आज इस्रायलमध्येही होतात. आपल्या मराठी मुलखात डॉ. अनिता आणि अनिल अवचट ह्यांनी पुण्यात 1986 मध्ये मुक्तांगण सुरू केले. तेथे रुग्णाइतकेच घरच्यांनाही समजावून घेतात. तल्मूदात रब्बी योहानानची गोष्ट आहे. ते आजाऱ्यांना हात देऊन उठवीत. पण स्वतः आजारी पडले तेव्हा रब्बी हनीनाला येऊन त्यांना हात द्यावा लागला, कारण कैद्याला स्वतःची कोठडी आतून उघडता येत नाही. बैठकांचे सारे मर्म ह्या गोष्टीत आहे.

आणि पाय घसरला तर? घसरतो. उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे 40 ते 60 टक्के लोकांचे दुखणे पुन्हा उलटते. रक्तदाब व दमा ह्या विकारांतही पथ्य सुटून दुखणे उलटण्याचे प्रमाण साधारण असेच आहे. रक्तदाब वाढला तर आपण औषध बदलतो, रोग्याला घराबाहेर काढत नाही. येथेही तेच करावे.

मामा दोनदा घसरले. पहिल्या वेळी पुरीमला. मेजवानीत कोणीतरी प्रेमाने पेला पुढे केला आणि आजच्या दिवशी पिणे मित्सवा आहे म्हणाले. पुरीमच्या त्या परवानगीशेजारीच तल्मूदात रब्बाची कथा ठेवली आहे, हे तो विसरला होता. रब्बाने नशेत रब्बी झेराचा गळा चिरला, दुसऱ्या दिवशी प्रार्थनेने त्याला जिवंत केले आणि पुढच्या वर्षी पुन्हा आमंत्रण दिले. तेव्हा झेराने नम्रपणे नकार दिला, की चमत्काराचा भरवसा दरवेळी धरता येत नाही. आपल्या मेजवान्यांत नको म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा आग्रह होऊ नये, एवढा नियम आपल्या समाजाने केला तरी पुष्कळ आहे.

दुसऱ्या वेळी मामा घसरले तेव्हा मामी नेहमीप्रमाणे सकाळी आमच्या दारी आल्या. आम्ही म्हटले, "मामी, कारखान्यात फोन करणार नाही. डॉक्टरकडे करतो, आणि बरोबर येतो." त्या आमच्याकडे पाहत राहिल्या. रागावल्या, असे वाटले. मग दारातच खाली बसून रडल्या, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "चला."

त्याला आता काही वर्षे झाली. मामा बरे झाले, असे ते स्वतः म्हणत नाहीत. आजचा दिवस बरा गेला, म्हणतात. त्यांच्या घरी शब्बाथच्या रात्री किद्दुश काळ्या मनुकांच्या पाण्यावर होतो. कोकणात आपल्या आजोबा-पणजोबांना कोशेर द्राक्षारस मिळत नसे, तेव्हा ते मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्यावरच बेराखा म्हणत, आणि तो किद्दुश पूर्ण असे. मागच्या महिन्यात आम्ही तेथे जेवायला होतो. मामी मनुका गाळत होत्या. दार उघडेच होते. मामांनी पेला उचलला. हात किंचित हलला, पण थेंब सांडला नाही.